दोन काटे, एक फाटक

(बी. ए. द्वितीय वर्ष)

वार्षिकांकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली आणि दोन दिवसांत माझ्या मैत्रिणींनी विषय आपसात वाटून घेतले. एकीने आई घेतली, दुसरीने पाऊस, तिसरीने परीक्षेची भीती. माझ्या वाट्याला काही उरले नाही. मी संपादक सरांकडे गेले. ते म्हणाले, “या वर्षी तू ज्याच्यामागे सर्वांत जास्त धावलीस त्याच्यावर लिही.” मी म्हटले, “सर, मी तर सर्व्हरमागे धावले.” सर हसले आणि म्हणाले, “मग सर्व्हरवर लिही. पण माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला समजेल असे लिही.” तेव्हा वाचकहो, हा लेख सरांना समजला तर तो यशस्वी, नाहीतर कागद वाया गेला असे समजावे.

आमचे कळंब हे यवतमाळहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. चिंतामणीमुळे त्याचे नाव दूरवर गेले आहे. विदर्भातील अष्टविनायकांत त्याची गणना होते. इतर देवळांत चढून जावे लागते, आमच्या देवळात पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जावे लागते. बारा वर्षांनी कुंडाचे पाणी चढते आणि देवाच्या चरणांना लागते अशी लोकांची श्रद्धा आहे. चिंता हरण करणारा देव गावातच असल्यामुळे इथल्या माणसांना चिंता नसावी असे परगावच्या लोकांना वाटते. पण बसस्टँडजवळच्या कोणत्याही ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या दुकानात संध्याकाळी डोकावून पाहावे, म्हणजे चिंता कशी असते ते कळेल.

अशाच एका दुकानात मी अकरावीपासून संध्याकाळी काम करते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, पीक विमा, सगळे अर्ज मी भरले आहेत. गेल्या वर्षी एका योजनेच्या अर्जासाठी बायकांची रीघ लागली. त्यांत माझी मायही होती. तिचा नंबर आला तेव्हा पडद्यावरचे चक्र फिरू लागले ते फिरतच राहिले. मी म्हटले, “माय, सर्व्हर डाउन आहे.” ती ओट्यावर बसली. मजुरी पाडून आली होती. तासाभराने तिने विचारले, “हा सर्वर कोन होय वं? रोजच कसा पडते तो?”

दुकानातले सगळे हसले. मीही हसले. पण रात्री झोपताना मनात आले की मायचा प्रश्न काही वेड्यासारखा नव्हता. तो कोण आहे, आणि तो रोज का पडतो, हे मला तरी कुठे ठाऊक होते?

उत्तर मला आमच्या कॉलेजातच मिळाले, आणि तेही स्वतःच्या फजितीतून मिळाले.

आमच्या ग्रंथपाल सरांची कल्पना अशी की पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी दर शनिवारी शंभर प्रश्नांचा सराव पेपर संगणकावर घ्यावा. छपाईचा खर्च वाचेल आणि गुणही लगेच कळतील. मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून मी थोडीफार पीएचपी शिकले होते. संगणक कक्षातल्या काकांनी एक जुना संगणक दिला. त्यावर लिनक्स घातले, कारण ते फुकट मिळते आणि दोन जीबी मेमरीच्या म्हाताऱ्या यंत्रावरही कुरकुर न करता चालते. हे लिनक्स १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने फिनलंडमध्ये सुरू केले. आज जगातील बहुतेक मोठ्या वेबसाइटी त्यावरच चालतात. विद्यार्थी मनावर घेतील तर काय करू शकतात याचे उदाहरण म्हणून एरवी आपण शिवाजी महाराजांच्या बालमित्रांची नावे घेतो. त्यांच्या रांगेत मागे कुठेतरी या मुलालाही उभे करायला हरकत नसावी.

पहिल्या शनिवारी तीस मुले आली. पेपर छान झाला. दुसऱ्या शनिवारी साठ आली. यंत्र जरा जड चालले, पण चालले. बातमी गावात पसरली आणि तिसऱ्या शनिवारी जवळजवळ सव्वाशे मुले आली. काही संगणकांवर बसली, बाकीची आपापल्या मोबाईलवर. अकरा वाजता सगळ्यांनी एकदम बोट दाबले आणि सगळ्यांच्या पडद्यावर तेच चक्र फिरू लागले.

लिनक्समध्ये ‘टॉप’ नावाची एक आज्ञा आहे. ती दिली की यंत्राच्या छातीवर कान ठेवल्यासारखे होते. वरच्या ओळीत ‘लोड ॲव्हरेज’ असा आकडा दिसतो. किती कामे हातात आहेत आणि किती रांगेत खोळंबली आहेत, त्याची ती सरासरी. आमच्या यंत्राला दोन कोर, म्हणजे दोन हात. आकडा दोन झाला की दोन्ही हात गुंतले. त्या दिवशी आकडा अडतीस होता. मेमरी संपली होती. मेमरी संपली की यंत्र आपले सामान डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागले की परत आणते. मग त्याचा सगळा वेळ या ने-आणीतच जातो आणि खरे काम तसेच पडून राहते. वीस मिनिटांनी मुले उठून गेली. जाताना एक मुलगा म्हणाला, “सर्व्हर डाउन!” मी खाली मान घातली. मायच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला मिळाले होते. सर्व्हर कोणी राक्षस नव्हता. एकट्याच्या पाठीवर सव्वाशेंचे ओझे पडले म्हणून बसलेला तो एक गरीब हमाल होता.

हमाल हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला. माझे बाबा हमाल होते. गावाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या खाली करायचे. चार वर्षांपूर्वी त्यांची कंबर गेली. ऑपरेशनसाठी होते नव्हते ते दीड एकर विकले. बरे झाल्यावर मालकाने त्यांना फाटकावर बसवले. आलेल्या गाडीला चिठ्ठी द्यायची आणि काट्यावर पाठवायची, हे त्यांचे काम. माझा दादा तेव्हा बारावी पास झाला होता. तो पुढे शिकला नाही. बुटीबोरीला कंपनीत लागला, म्हणून मी आज बी. ए. च्या वर्गात आहे. आणि मी काय केले? कॉलेजच्या प्रवेश अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यापुढे ‘शेती’ असे लिहिले. शेत विकून दोन वर्षे झाली होती. पण फाटकावर बसतात असे लिहायला हात धजला नाही.

असो. फजितीनंतर ग्रंथपाल सर म्हणाले, “नवे मोठे यंत्र घ्यायला पैसे नाहीत. अडगळीत चार जुनी आहेत, ती घे.” एका मोठ्या बैलाऐवजी चार लहान बैल जुंपण्याचाच हा प्रकार. पण चार बैल जुंपायचे तर जू हवे. संगणकाच्या जगात या जवाला ‘लोड बॅलन्सर’ म्हणतात, म्हणजे भार वाटणारा. येणाऱ्या प्रत्येकाला पत्ता एकच ठाऊक असतो, तो या पुढच्या यंत्राचा. हे यंत्र स्वतः पेपर तपासत नाही. आलेली मागणी मागच्या एखाद्या यंत्राकडे पाठवते, उत्तर आले की विचारणाऱ्याच्या हाती देते. विचारणाऱ्याला मागे किती यंत्रे राबतात याचा पत्ताही लागत नाही.

ही विद्या तशी जुनी आहे. १९०९ साली कोपनहेगनच्या आग्नर एर्लांग या गणितज्ञाने टेलिफोनच्या कॉलांच्या गर्दीवर निबंध लिहिला आणि रांगेचे गणित तेथून आकाराला आले. लिनक्सवर भार वाटण्याची सोय १९९८ मध्ये झँग वेनसाँग या चिनी तरुणाने उभारायला घेतली. २००४ मध्ये इगोर सिसोएव्ह या रशियन माणसाने ‘एनजिनएक्स’ लोकांना खुले केले. यांतला कोणीच आपल्याकडे पैसे मागत नाही. आपल्याकडेही भार वाटण्याची उदाहरणे आहेत. २०१५ पासून रेल्वेचे तत्काळ आरक्षण वातानुकूलित डब्यांसाठी दहाला आणि इतरांसाठी अकराला उघडू लागले. ती गर्दीची वेळेत केलेली वाटणीच. दहावी-बारावीचा निकाल एकाच दिवशी अनेक संकेतस्थळांवर लावतात, ती जागेत केलेली वाटणी. आणि २८ एप्रिल २०२१ रोजी अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लसीची नोंदणी उघडली तेव्हा एका दिवसात सव्वा कोटीहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. तो भार एका यंत्राने पेलणे कसे शक्य होते?

मी एनजिनएक्स घेतले. पुढे एक यंत्र, मागे पेपर चालवणारी दोन, आणि प्रश्न व गुण साठवणारा डेटाबेस चौथ्यावर. एका फाइलमध्ये ‘अपस्ट्रीम’ असे लिहून मागच्या दोन यंत्रांचे पत्ते द्यायचे आणि ‘प्रॉक्सी पास’ लिहून येणारी वाट तिकडे वळवायची. जेमतेम दहा ओळींचे काम. पण एका ओळीच्या शेवटी सेमीकोलन राहिला म्हणून माझी एक अख्खी दुपार गेली. इंग्रजीच्या पेपरात स्वल्पविराम चुकला तर मॅडम अर्धा गुण कापतात, इथे सगळेच काही कापले जाते. तेव्हापासून फाइल बदलली की आधी तपासणीची आज्ञा द्यायची आणि मगच चालू करायचे, असा नियम केला.

काही वेगळे सांगितले नाही तर एनजिनएक्स पाळीपाळीने वाटते. पहिली मागणी एकाला, दुसरी दुसऱ्याला, तिसरी पुन्हा पहिल्याला. मी दहा मुलांना बसवून चाचणी घेतली. वेग उत्तम होता. पण नवीनच दुखणे निघाले. मुलगा नाव-पासवर्ड घालून आत येई, पहिला प्रश्न सोडवी, आणि दुसऱ्या प्रश्नाला यंत्र विचारी, “आपण कोण?” पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड, पुन्हा बाहेर.

कारण असे की वेबच्या व्यवहाराला स्मरणशक्ती नसते. प्रत्येक मागणी ही पहिलीच भेट. म्हणून सर्व्हर येणाऱ्याच्या हाती एक चिठ्ठी देतो आणि तिच्या क्रमांकाची नोंद आपल्या खणात ठेवतो. याला ‘सेशन’ म्हणतात. पहिल्या यंत्राने दिलेली चिठ्ठी घेऊन मुलगा दुसऱ्याकडे गेला की दुसऱ्याच्या खणात नोंदच नाही.

व्हिडिओत एक उपाय सांगितला होता. ‘आयपी हॅश’ असे लिहावे, म्हणजे ज्या पत्त्यावरून माणूस आला त्यावरून त्याचे यंत्र कायमचे ठरते. मी लिहिले. बाहेर फेकले जाणे थांबले. मी आनंदाने दोन्ही यंत्रांवर ‘टॉप’ लावले आणि पाहते तो काय, एक घामाघूम आणि दुसरे ढिम्म! सगळी मुले एकाच यंत्रावर. हे का झाले ते मला कळेना. शनिवार तीन दिवसांवर आला होता.

त्याच रात्री बाबांना ताप भरला. सकाळी उठवेना. हंगाम ऐन भरात होता, आणि फाटकावर कोणी गेले नाही तर ती जागा दुसऱ्याला जाईल या भीतीने ते उठून बसत होते. शेवटी मीच म्हटले, “मी जाते.” कॉलेज बुडवून मी पहिल्यांदा बाबांच्या खुर्चीवर बसले. खरे सांगते, ओढणी तोंडावरून घेतली होती. वर्गातले कोणी रस्त्याने गेले तर ओळखू नये म्हणून.

जिनिंगला दोन काटे. मी पाळीपाळीने गाड्या सोडू लागले, एक इकडे, एक तिकडे. अर्ध्या तासात आरडाओरडा सुरू झाला. पहिल्या काट्यावर मोठ्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर अडकला होता आणि मी त्याच्यामागे गाड्या लावतच होते. दुसऱ्या काट्यावर छोट्या गाड्या भुर्रकन तोलून निघून जात होत्या आणि काटा रिकामा पडत होता. तेवढ्यात डोंगरखर्ड्याचे एक आजोबा रिकामी गाडी घेऊन आले. गाडी आधी भरलेली तोलतात, मग कापूस खाली करून रिकामी तोलतात, दोहोंतला फरक म्हणजे माल. आजोबांची भरलेली गाडी पहिल्या काट्यावर तोलली होती, आणि मी त्यांना रिकामी तोलायला दुसऱ्यावर पाठवले. तिथल्या माणसाने विचारले, “तुमी कोन? तुमची नोंद नाई इथं.”

वाचकहो, मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. हे वाक्य मी तीन दिवसांपूर्वी संगणकावर वाचले होते!

दुपारी घरी येऊन बाबांच्या उशाशी बसले आणि सगळे सांगितले. तापातही त्यांना हसू आले. म्हणाले, “बाई, एक-दोन, एक-दोन मोजत बसशीन तं कसं होईन? गाडी मोजू नको. कोन्त्या काट्यापाशी किती उभ्या हायेत ते पाय. जिथं कमी, तिथं धाड.”

“आणि नोंदीचं काय?”

“ते लय झालं पयले. मंग एक साल मुनीमजीनं सांगतलं, गावापरमानं काटा वाटून दे. या गावाच्या गाड्या या काट्यावर, त्या गावाच्या त्या. पन एक दिवस जोडमोह्याच्याच गाड्या आल्या. साऱ्या एकाच काट्यावर. दुसऱ्या काट्याचा मानूस बिडी ओढत बसला.”

मी म्हटले, “मग?”

“मंग दोन्ही काट्याचं बुक एक केलं. इथं तोल का तिथं तोल, नोंद एकाच ठिकानी. फक्त दोन्ही काटे सारखे पायजेत. वजनं ठेवून रोज सकाळी तपासा लागते.”

चौथी शिकलेल्या माझ्या बाबांनी माझे तिन्ही प्रश्न पाच मिनिटांत सोडवले. मी एनजिनएक्सची माहिती पुन्हा नीट वाचली. त्यात स्पष्ट लिहिले होते की आयपी हॅश पत्त्याचे चार आकडे पाहत नाही, पहिले तीनच पाहतो. कॉलेजातल्या प्रत्येक मोबाईलचे पहिले तीन आकडे एकच असतात. म्हणजे माझ्या यंत्राच्या दृष्टीने सारी मुले एकाच गावची होती! मी ती ओळ खोडली. तिच्या जागी ‘लीस्ट कनेक्शन्स’ लिहिले, म्हणजे जिथे गाड्या कमी तिथे धाडणे. सेशनची नोंद यंत्रांच्या खणातून काढून डेटाबेसच्या एका तक्त्यात ठेवली, म्हणजे बुक एक केले. आणि दोन्ही यंत्रांवर प्रोग्राम अगदी सारखा आहे ना, हे दर शनिवारी सकाळी तपासायचे ठरवले, म्हणजे काटे तपासले.

त्या शनिवारी शंभरावर मुले बसली. अकरा वाजता सगळ्यांनी बोट दाबले आणि सगळ्यांच्या पडद्यावर पहिला प्रश्न उमटला. दोन्ही यंत्रांवर लोड दोनच्या आतबाहेर होते. ग्रंथपाल सरांनी चहा पाजला.

पण गोष्ट इथे संपत नाही. पेपर झाल्यावर काका म्हणाले, “एक यंत्र पडले तर?” आम्ही एकाची केबल उपसली. आधी ठरवून ठेवले होते की मागचे यंत्र पाच सेकंदांत हाक देत नसेल तर दुसऱ्याकडे जायचे. एरवी एनजिनएक्स साठ सेकंदांपर्यंत वाट पाहते. पान क्षणभर थबकले आणि दुसऱ्या यंत्रावरून आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र दुसऱ्या यंत्राचा आकडा पाहत होते. तेव्हा खोलीत पंधराच मुले होती, तरी आकडा पाहता पाहता दुप्पट झाला. ते काही बोलले नाही. यंत्रे बोलत नाहीत. शंभर मुले असती तर तेही काही मिनिटांत बसले असते. जाणकार सांगतात की दोघांत भार वाटायचा तर प्रत्येकाला निम्म्याहून कमीच द्यावा, म्हणजे एक पडला तर दुसऱ्याला दोघांचा पेलता येतो. आमच्या घरी बाबा पडले तेव्हा हे गणित कोणी केले नव्हते. दादाची पाठ तेव्हा अठरा वर्षांची होती. तोही काही बोलला नाही. गणपतीला घरी आला होता तेव्हा माझी पुस्तके चाळत बसला होता. “इतिहासात काय काय असते गं?” असे विचारत होता. मी घाईघाईने काहीतरी सांगितले आणि दुकानात निघून गेले. त्या दिवशी केबल हातात धरून उभी असताना मला त्याचा तो प्रश्न आठवला.

आणि पुढचे यंत्रच पडले तर? मग मागची कितीही धडधाकट असोत, वाटच बंद. त्यावरही उपाय आहे. पुढे दोन यंत्रे ठेवायची, दोघांत एकच पत्ता, एकाचा श्वास थांबला की दुसऱ्याने तो पत्ता घ्यायचा. त्यासाठी ‘कीपअलाइव्हडी’ नावाचा प्रोग्राम असतो. आमच्याजवळ पाचवे यंत्र नाही, म्हणून ते राहिले आहे. बाबांच्या फाटकावर मात्र ती सोय आता झाली आहे. हंगामात त्यांना बरे नसले की मी जाते. ओढणी खांद्यावर असते. आमच्या वर्गातली दोन मुले मागे वडिलांबरोबर कापूस घेऊन आली होती. त्यांना मी चिठ्ठ्या दिल्या. एकाने विचारले, “तू इथे?” मी म्हटले, “हो, लोड बॅलन्सिंग शिकते.” त्याला ते खरे वाटले नाही.

मायला तिच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले. म्हटले, “सर्व्हर म्हणजे बाबांच्या जिनिंगचा काटा. एकच ठेवला आणि सारे गाव एकदम आले की पडतो.” ती म्हणाली, “मंग दोन ठेवा नं! एवढं कराले शिकेल मानसं कायले लागते?” या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याजवळ नाही. या अंकाच्या वाचकांपैकी कोणी पुढे मोठ्या कचेरीत बसले, तर त्यांनी ते शोधावे.

दादाने मुक्त विद्यापीठाची चौकशी करायला सांगितले आहे. त्याचा अर्ज मीच भरणार आहे, आमच्याच दुकानातून, रात्री गर्दी ओसरल्यावर. आणि या वर्षी माझा स्वतःचा प्रवेश अर्ज भरताना ‘वडिलांचा व्यवसाय’ हा रकाना आला. मी लिहिले : ‘जिनिंगच्या फाटकावर गाड्यांची वाटणी करतात.’ रकाना लहान होता. अक्षरे थोडी बाहेर गेली.